बंदुकीच्या लाकडी दस्त्याची इपॉक्सीने दुरुस्ती

बंदुकीचा तडकलेला किंवा मोडलेला लाकडी दस्ता रेझीन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने सांधण्याची पद्धत. दस्ता बहुधा अक्रोडाचा किंवा बीचचा असतो. तो मुख्यतः चापामागच्या निमुळत्या मानेत फुटतो. तिथे लाकूड बारीक असते, तंतू अनेकदा तिरके कापले गेलेले असतात आणि गोळी सुटतानाचा झटका तिथूनच खांद्याकडे जातो. ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीसारख्या दोन तुकड्यांच्या दस्त्यात पुढचे लाकूडही चिरते. बंगालमधील इशापूर कारखान्यात बनलेल्या अशा रायफलींत ते आवळून धरायला आडवा स्क्रू घातलेला आढळतो.

जुन्या दस्त्याचा खरा वैरी तेल. वर्षानुवर्षे बंदुकीला दिलेले तेल मानेच्या लाकडात मुरते, आणि तेलकट लाकडाला कितीही महागडे इपॉक्सी धरत नाही. दुरुस्ती बिघडते ती बहुतेक इथेच. म्हणून धातूचे भाग काढून भेग अ‍ॅसिटोनने पुन्हा पुन्हा धुवावी, खडूची पूड अ‍ॅसिटोनमध्ये कालवून थापावी आणि सुकल्यावर झटकावी. पूड डागाळायची थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतो, तेव्हा काम मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर करावे.

इपॉक्सी सावकाश घट्ट होणारे घ्यावे, मानेसाठी तर हट्टाने. पाच मिनिटांत आवळणारे इपॉक्सी खोल भेगेत शिरण्याआधीच घट्ट होते, शिवाय दमटपणा आणि ताण त्याला कमी सोसतात. भारतात सहज मिळणाऱ्या साध्या अ‍ॅराल्डाइटचे दोन्ही भाग घनफळाने समान घेतात आणि पूर्ण बळ येण्यासाठी निदान एक दिवस थांबतात. एम-सीलसारखी पुट्टी खळगा भरायला ठीक. बारीक भेगेत ती शिरत नाही.

लाकूड हेअर ड्रायरने किंचित कोमट केले की इपॉक्सी पातळ होऊन आत उतरते आणि लाकूड थंड होताना ते आणखी ओढले जाते. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी. वाकड्यातिकड्या मानेला शिकंज्यापेक्षा ती बरी बसते. फार आवळल्यास इपॉक्सी सांध्यातून पिळून निघते. बाहेर आलेले ओले असतानाच व्हिनेगरने पुसावे, कारण घट्ट झालेल्या डागावर लाकडाचा रंग चढत नाही. धातूला टेकणाऱ्या जागी मेण लावलेले असावे, म्हणजे इपॉक्सी धातूला चिकटत नाही. मान पूर्ण मोडली असेल तर नुसत्या इपॉक्सीवर न विसंबता आटे पाडलेली पितळी किंवा पोलादी सळई आत बसवतात.

घरगुती इपॉक्सी साधारण 50 ते 60 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. उन्हात बंद गाडीत ठेवलेला दस्ता त्यामुळे उकलू शकतो. संग्रहातील जुन्या बंदुकीला मात्र सरस (प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंकासारखा चिकट पदार्थ) हाच योग्य, कारण तो पाण्याने आणि उष्णतेने सुटतो आणि दुरुस्ती पुढे उकलता येते. भारतात शस्त्र कायदा, 1959 नुसार बंदुकांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करायला परवाना लागतो.