दम लागला की दमा उठला?

‘दम’ आणि ‘दमा’ यांत अंतर एका कान्याचं. खो-खो खेळून पोर धापा टाकत आलं की घरचे घाबरतात आणि पी.टी.च्या तासाला त्याची जागा मैदानाच्या कडेला ठरते. उलटंही घडतं. मूल रोज खेळून आल्यावर खोकतं, आणि सगळे म्हणतात, “सवय नाही, म्हणून दम लागतो.”

फरक ओळखायला आधी घड्याळ बघा. नुसता दम पळताना सर्वांत जास्त असतो. थांबलं, बसलं की काही मिनिटांत ओसरतो. श्वास जोरात चालतो, पण मोकळा असतो. दमा उठतो तो बहुधा पळणं संपता संपता किंवा संपल्यावर. थांबूनही त्रास वाढत जातो, साधारण 5 ते 15 मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्धा-पाऊण तास रेंगाळतो. छाती आवळते, श्वास सोडताना सूं-सूं आवाज येतो. मात्र पुष्कळ मुलांत तो आवाज ऐकूच येत नाही, नुसता कोरडा खोकला येतो. सर्वांत जास्त फसगत या खोकल्यानेच होते.

असं का होतं? नाकातून जाताना हवा गरम आणि ओलसर होते. पळताना आपण तोंडाने श्वास घेतो, मग कोरडी, गार हवा तशीच आत शिरते. श्वासनलिकांचं अस्तर सुकतं आणि भोवतीचे स्नायू आवळतात. म्हणूनच डिसेंबरात नाशिकच्या मैदानावर सकाळी खोकणारं मूल तरणतलावात बऱ्याचदा मजेत पोहतं. (क्लोरीनचा उग्र वास काहींना सोसत नाही, एवढं बघावं.)

दम्याच्या धास्तीने खेळ बंद केला की मुलाचा दमसास कमी होतो. मग जिना चढतानाही धाप लागते आणि आपण समजतो, दमा वाढला. हे मुलावर अन्याय करणारं आहे. जॅकी जॉयनर-कर्सी या धावपटूला दमा होता; 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये तिने सात क्रीडाप्रकारांच्या हेप्टॅथलॉनमध्ये सुवर्णपदक जिंकलं.

खेळाआधी 10-15 मिनिटं हळूहळू अंग गरम करू द्या. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आधी पंप (इनहेलर), लहानांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून. पंपाची ‘सवय लागते’ हा गैरसमज आहे. त्रास सुरू झाला तर खेळ थांबवा, ताठ बसवा, पंप द्या. बोलताना वाक्य तुटत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसले, तर थेट दवाखाना गाठा. खेळताना वारंवार त्रास होत असेल तर रोजचं औषध पुरत नसेल, किंवा पंप नीट ओढला जात नसेल. डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आणि दम की दमा हे कळेनासं झालं, तर खेळ कधी थांबला, खोकला कधी सुरू झाला, कधी गेला, हे आठवडाभर वहीत लिहा. मोबाइलवर त्या श्वासाचा व्हिडिओही घ्या. डॉक्टरांसमोर मूल बसतं तेव्हा त्याची छाती बहुधा अगदी मोकळी असते.