१८१८ : ‘कुटुंब’ म्हणजे कोण?

१८१८ म्हटलं की दोनच तारखा पुढे येतात, कोरेगावच्या लढाईची १ जानेवारी आणि पेशवाई संपल्याची ३ जून. मधले पाच महिने विस्मरणात गेले आहेत. फेब्रुवारीत साताऱ्याचा किल्ला गेला आणि दुसऱ्याच दिवशी वतनं-इनामं चालू ठेवण्याचा शब्द देणारा कंपनीचा जाहीरनामा निघाला. त्याच महिन्यात आष्टीला पेशव्यांचे सेनापती पडले आणि छत्रपती इंग्रजांच्या हाती लागले. १० मे रोजी रायगड पडला तेव्हा पेशव्यांच्या पत्नी गडावर होत्या. शनिवारवाड्यावर तर इंग्रजांचं निशाण आदल्या नोव्हेंबरातच चढलं होतं.

म्हणजे ३ जूनला असीरगडाजवळ धुळकोटच्या छावणीत पेशवे दुसरे बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तेव्हा राज्य जवळजवळ गेलेलंच होतं. उरला होता तो अटींचा कागद. पेशवाई कशी बुडाली यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो, पण हा कागद फारसा कोणी वाचत नाही. तो नीट वाचायला हवा.

पहिलं कलम असं, की पेशवे पुण्याच्या राज्यावरचा हक्क ‘स्वतःसाठी आणि वारसांसाठी’ सोडतील. चौथं कलम असं, की ‘स्वतःच्या आणि कुटुंबाच्या’ निर्वाहासाठी त्यांना पेन्शन मिळेल, सालिना आठ लाखांहून कमी नाही. सोडताना वारस आणि घेताना कुटुंब! एकाच कागदावर, तीन कलमांच्या अंतरानं. पेन्शन हयातीपुरतं की पुढेही, हे कुठेच स्पष्ट नाही.

त्या वेळी वाद झाला तो रकमेवर. गव्हर्नर जनरलना आठ लाख फार वाटले. अटी देणाऱ्या ब्रिगेडियर माल्कमनं शब्द दिला होता, म्हणून ते मान्य झाले. लढाई लांबली असती तर याहून कितीतरी जास्त खर्च झाला असता, असं त्याचं म्हणणं, आणि हिशेबानं ते खोटं नव्हतं. ‘कुटुंब’ या शब्दाकडे मात्र कोणी वळून पाहिलं नाही.

पेशवे गंगाकाठी बिठूरला राहिले आणि तब्बल ३३ वर्षं जगले. पोटचा मुलगा हयात नव्हता, म्हणून शास्त्राप्रमाणे नानासाहेबांना दत्तक घेतलं. आपल्याकडे दत्तक घरात आला की तो पिंड देतो, ऋण फेडतो, घर चालवतो. तो कुटुंबात येतो की नाही, असा प्रश्नच आपल्या कोणाला पडणार नाही. शिवाय बिठूरच्या त्या घरात पेशव्यांच्या मागे राहिलेल्या बायका होत्या, पदरचे आश्रित होते.

जानेवारी १८५१ मध्ये पेशवे वारले आणि पेन्शन थांबलं. कलकत्त्याच्या कंपनी सरकारचं उत्तर असं, की ३३ वर्षांत अडीच कोटींहून जास्त रक्कम दिली, मृताला स्वतःचा मुलगा नाही आणि मागे २८ लाखांची मालमत्ता आहे. म्हणजे कागदावर काय लिहिलं होतं यापेक्षा घरात किती शिल्लक आहे, हे पाहिलं गेलं. दत्तकपुत्रानं अर्ज केले, लंडनला वकील पाठवला. त्यात नेमकं पहिल्या आणि चौथ्या कलमावरच बोट ठेवलं होतं: हक्क वारसांसकट सोडून घेतलात, तर त्याच्या बदल्यात दिलेलं पेन्शन एका माणसाचं कसं? अर्ज फेटाळला गेला.

साताऱ्यातही हेच झालं. १८१९ च्या तहात छत्रपतींचं राज्य ‘वारस आणि उत्तराधिकाऱ्यांसाठी’ कायमचं दिलेलं होतं. १८४८ मध्ये दत्तकाला वारस मानायचं नाही असं ठरलं आणि संस्थान खालसा झालं. तिथे तर शब्द ‘वारस’ असाच होता. तोही टिकला नाही. १८१८ च्या जाहीरनाम्यातल्या इनामांची सनदांसकट तपासणीही पुढे सुरू झाली आणि गावोगावचे इनामदार जुने दप्तर उपसू लागले.

लंडनला गेलेला वकील रिकाम्या हातांनी परतला. जून १८५७ मध्ये कानपूरला उठाव झाला, तेव्हा त्याच्या पुढे बिठूरचा तोच दत्तकपुत्र होता आणि या वेळी त्यानं पेन्शन मागितलं नाही, पेशवेपद जाहीर केलं. १८१८ च्या पहिल्या कलमानं वारसांसकट सोडून दिलेलं तेच पद.