नवीन डिझेल गाडीत पिवळा दिवा लागतो तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं

गाडी घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, सायलेन्सरसारखा आकार आणि त्यात ठिपके. गाडी तर मस्त चालत होती, ओढ कमी नाही, आवाज नाही, धूर नाही. मॅन्युअल उघडून बघितलं तर लिहिलेलं की पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरत आलाय. तीन महिन्यांत फिल्टर भरतो म्हणजे काय, हेच मला कळेना. सर्व्हिस सेंटरला गेलो तर तिथल्याने एकच प्रश्न विचारला, "सर, रोज किती किलोमीटर चालते?" म्हटलं सहा जाताना, सहा येताना. तो म्हणाला, "मग बरोबर आहे, हिला जाळायला वेळच मिळत नाहीये."

हे "जाळायला" काय असतं ते समजून घ्यायला मला थोडं मागे जावं लागलं, पार इंजिनाच्या आत.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. आत हवा इतकी दाबली जाते की ती नुसत्या दाबाने ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. आता त्या फवाऱ्याच्या पोटात डिझेल जास्त आणि हवा कमी अशी अवस्था असते, तिथे जळण अर्धवट होतं आणि काजळी तयार होते. फवाऱ्याच्या कडेला उलट, हवा भरपूर आणि आच २००० अंशांच्या पुढे, तिथे एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, ज्यांना गाडीवाले थोडक्यात नॉक्स म्हणतात. म्हणजे एकाच फवाऱ्यातून दोन घाणी निघतात, आणि खरी अडचण अशी की आच कमी करून नॉक्स घटवायला गेलं की काजळी वाढते, आच वाढवून काजळी घटवायला गेलं की नॉक्स वाढतं. पेट्रोल गाडीत धूर स्वच्छ करणारा डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एकट्याने सगळं निभावतो, पण डिझेलच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक असतो आणि ऑक्सिजन असताना त्या कन्व्हर्टरला नॉक्स मोडता येत नाही. म्हणून डिझेल गाडीच्या पोटाखाली एकामागोमाग एक डबे लावावे लागतात, छोटा केमिकल कारखानाच म्हणा.

यातली पहिली पायरी डब्यातली नाही, इंजिनाजवळचीच, ईजीआर व्हॉल्व्ह. थोडा जळलेला धूर परत इंजिनात सोडायचा म्हणजे आतला ऑक्सिजन कमी होतो, आच उतरते, नॉक्स कमी. मग ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट, म्हणजे धुरातलं न जळलेलं इंधन जाळणारा डबा, मग काजळीचा फिल्टर म्हणजे डीपीएफ, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत शेवटी युरिया वापरून नॉक्स मोडणारा एससीआर.

एवढं सगळं कशाला असं वाटत असेल तर एक आकडा बघा. युरोपात २००० साली डिझेल कारला किलोमीटरमागे ५०० मिलिग्रॅम नॉक्स सोडायची मुभा होती, २०१४ ला आलेल्या युरो ६ मध्ये ती ८० वर आली. त्यातून २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं, सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर होतं की लॅबमध्ये टेस्ट चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरती स्वच्छ चालायची. त्यानंतर २०१७ पासून युरोपात गाडीच्या मागे यंत्र लावून खऱ्या रस्त्यावर धूर मोजायचा नियम आला. त्यामुळे आजच्या गाडीला कायम स्वतःवर लक्ष ठेवावं लागतं, आणि एखादा सेन्सर जरा वेगळं बोलला तरी दिवा लागतो. इंजिन ठणठणीत असतं, पण त्यामागचा कारखाना तक्रार करत असतो.

आता डीपीएफ. हा मधमाशीच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा असतो, त्यात हजारो बारीक नळ्या, पण गंमत अशी की एक नळी पुढून उघडी आणि मागून बंद, तिच्या शेजारची पुढून बंद आणि मागून उघडी. धूर आत शिरतो तो पलीकडे जायला रस्ताच नाही म्हणून नळीच्या भिंतीतल्या बारीक छिद्रांतून शेजारच्या नळीत जातो आणि काजळी भिंतीवर अडकते. ९५ टक्क्यांहून जास्त काजळी इथेच राहते. चांगल्या चाललेल्या नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये बोट फिरवून बघा, जवळजवळ कोरडं आणि स्वच्छ निघतं, जुन्या डिझेल गाडीचा सायलेन्सर ज्याने हाताळलाय त्याला हे खरं वाटणार नाही.

पण अडवलेली काजळी जाणार कुठे, ती जाळावीच लागते. आणि काजळी म्हणजे कार्बन, तो नुसत्या ऑक्सिजनमध्ये जळायला साधारण ५५० ते ६०० अंश लागतात. गावातल्या गावात, सिग्नलला थांबत थांबत चालवलं तर डिझेलचा धूर २०० अंशांच्या आसपासच राहतो. हायवेवर भार असताना तो ३००-४०० पर्यंत जातो आणि तेव्हा नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने काजळी हळूहळू आपसूक जळत राहते. पण जेव्हा तसं होत नाही तेव्हा गाडी स्वतः ठरवून साफसफाई काढते, याला रिजनरेशन म्हणतात, वर्कशॉपमध्ये नुसतं रिजन. इंजिन मुद्दाम उशिरा थोडं जास्तीचं डिझेल मारतं, ते ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टवर जळतं आणि फिल्टरमध्ये ६०० अंश तयार होतात. याला १० ते २० मिनिटं लागतात.

माझं नेमकं इथेच चुकत होतं. घरी पोचल्यावर कधी कधी गाडी बंद केली तरी पुढचा फॅन जोरात फिरत राहायचा, गरम धातूचा वास यायचा, मला वाटायचं नवी गाडी आहे, असेल काहीतरी. ते रिजन चालू असायचं आणि मी मध्येच चावी काढत होतो, एकदा नाही, पाच-सहा वेळा तरी. रिजन चालू असल्याच्या खुणा पुढे माझ्या लक्षात आल्या: उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा शंभर-दोनशेने वर, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारा ऑटो स्टॉप काम करत नाही, तेवढ्या वेळात स्क्रीनवरचं मायलेज धाडकन पडतं. असं दिसलं तर शक्य असेल तर गाडी बंद करू नका, अजून दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा.

आणि नुसता पिवळा डीपीएफचा दिवा असेल, बाकी काही नाही, तर घाबरायचं कारण नाही, मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खाली ठेवून २००० च्या वर आरपीएम धरून वीसेक मिनिटं एकसारखी चालवा, बहुतेक वेळा दिवा जातो. जागेवर उभी करून रेस देत बसण्यात अर्थ नाही, भार नसला की धूर तापत नाही, उलट काजळीच वाढते. मात्र त्याच्या जोडीला इंजिनाचा दिवा लागला, किंवा गाडीची ताकद एकदम कमी झाली, म्हणजे गाडी लिम्प मोडमध्ये गेली, तर मग पळवून उपयोग नाही. फिल्टर एका मर्यादेपलीकडे भरला की गाडी स्वतःच जाळायला नकार देते, कारण एवढी काजळी एकदम पेटली तर आतलं सिरॅमिक तडकतं. तिथून पुढचं काम वर्कशॉपमध्ये स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र, लावून करायचं.

ऑइलचं पण सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. रिजनसाठी उशिरा मारलेल्या डिझेलमधलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. वारंवार रिजन होत असेल तर डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं, पातळ होतं, डिझेलचा वास येतो. ऑइल वाढलं म्हणून खूश व्हायचं नसतं, ते लगेच बदलायचं असतं. आणि ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच हवं, कारण ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक वगैरेची राख होते आणि राख कितीही तापवली तरी जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साठते. डीपीएफवाल्या गाडीचं ऑइल कमी राख होणारं असतं ते यासाठी.

आता युरियाची बाजू. गाडीत घालतात ते डीईएफ किंवा अ‍ॅडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. आकडा इतका नेमका का, तर या प्रमाणात मिश्रणाचा गोठणबिंदू सगळ्यात खाली, उणे ११ अंशांवर येतो आणि गोठलं तरी पाणी आणि युरिया वेगळे पडत नाहीत. गरम धुरात फवारलं की युरियाचा अमोनिया होतो, आणि एससीआरच्या कॅटॅलिस्टवर अमोनिया आणि नॉक्स भेटले की उरतो साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. ही रसायनक्रिया मला मनापासून सुंदर वाटते, ज्या हवेतून नायट्रोजन उचलला तिलाच तो जसाच्या तसा परत.

पण तब्येतीने नाजूक. शेतीच्या युरियात पाणी घालून हे बनवायचा प्रयत्न लोक करतात, कृपा करून करू नका, त्यातली अशुद्धी कॅटॅलिस्ट मारते आणि नोझल तुंबवते. डीईएफ उन्हात पडून राहिलं तरी खराब होतं, २५ अंशांत साठवलं तर दीडेक वर्ष टिकतं, ३५ अंशांत जेमतेम सहा महिने, म्हणून डब्यावरची तारीख बघून घ्या. गाडीने रोज छोट्याच फेऱ्या केल्या तर धूर पुरेसा तापत नाही आणि फवारलेल्या युरियाचे पांढरे खडे नोझलपाशी जमतात. आणि चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, पंप चालू झाला की ते सगळ्या फ्युएल लाइनमध्ये पोचतं, गाडी टो करून न्या.

युरियाच्या बाबतीत गाडी ऐकून घेत नाही. अमुक किलोमीटरनंतर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही असा काउंटडाउन सुरू होतो. टाकी रिकामी असेल तर भरलं की संपलं. पण टाकी भरलेली असताना काउंटडाउन सुरू झाला तर बहुतेक वेळा गोष्ट नॉक्स सेन्सरपाशी येते. असे दोन सेन्सर असतात, एक एससीआरच्या आधी आणि एक नंतर, दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून गाडी काम झालं की नाही ते ठरवते. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं आणि ते ८०० अंशांच्या आसपास तापवलेलं असतं, त्यावर पाण्याचा एक थेंब पडला तरी तडा जाऊ शकतो, म्हणून थंड गाडी सुरू केल्यावर एक्झॉस्टमधली ओल सुकेपर्यंत गाडी त्याला तापवतच नाही. असा सेन्सर नव्या गाडीतही जातो. म्हणून स्कॅनरवर "एससीआरची कार्यक्षमता कमी" असा कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेली तक्रार, आला की लगेच महागडा कॅटॅलिस्ट गेला असं समजू नका, आधी डीईएफमधलं युरियाचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे ते मोजायच्या छोट्या उपकरणाने, तपासायला सांगा, दोन थेंब आणि एक मिनिट लागतं, मग नोझल, मग सेन्सर.

आणि एक विनंती, घरचा छोटा स्कॅनर लावून कोड पुसून टाकू नका. कोडसोबत त्या क्षणाचं सगळं साठवलेलं असतं, वेग किती, धूर किती गरम, इंजिन किती तापलेलं, ते पुसलं की मेकॅनिकच्या हातात काहीच राहत नाही. आधी फोटो काढा. नवी गाडी वॉरंटीत असते, तेव्हा प्रत्येक फेरीला जॉबकार्डवर कोड आणि किलोमीटर लिहून घ्या, आणि इंजिनाच्या सॉफ्टवेअरला नवा अपडेट आलाय का तेही विचारा, बऱ्याचदा रिजन कधी आणि कसं करायचं हे कंपन्या नंतर सुधारून देतात.

फिल्टर काढून आत पोकळ नळी टाकून देतो म्हणणारे भेटतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला, जिथे तंबाखू आहे. काजळीचे हे कण इतके बारीक की फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. मागच्या स्कूटरवरच्या माणसाच्या छातीत ते सोडण्यापेक्षा वर्कशॉपच्या चार फेऱ्या मला कधीही परवडतील.

माझ्याही फेऱ्या झाल्याच. रोजची सवय बदलली, आठवड्यातून एकदा लांब फेरी मारायला लागलो, तरी आठव्या महिन्यात दिवा परत आला. दोनदा स्कॅनरने रिजन करून दिलं, दोनदा परत आला. मी रिजनची वही ठेवायला लागलो तर दर ९० किलोमीटरला होत होतं, डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही पुढे. शेवटी तिथल्या एका जुन्या जाणत्या टेक्निशियनने गाडी वर घेतली. तो म्हणाला, "सर, काजळी किती साठली हे गाडीला दिसत नाही, ती अंदाज बांधते." फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन बारीक रबरी नळ्या निघतात, त्या एका प्रेशर सेन्सरला जातात, दोन्हीकडच्या दाबात फरक जितका जास्त तितकी काजळी जास्त असा हिशोब. त्याने मागची नळी काढली, एका टोकाला अंगठा दाबला आणि पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकली. क्लिपच्या अगदी जवळ बुडबुडे आले. मागच्या बाजूचा दाब तिथून निसटत होता, सेन्सरला फरक मोठा वाटत होता आणि गाडी जवळजवळ स्वच्छ फिल्टर पुन्हा पुन्हा जाळत होती, ऑइलमध्ये डिझेल उतरवत होती. एवढे दिवस कुणाला दिसलं का नाही, तर ती नळी फिल्टरच्या नंतरची, तिथून येणारा धूर आधीच गाळलेला, त्यामुळे चिरेभोवती काळा डागच पडला नव्हता.

नळी बदलली, ऑइल बदललं, वॉरंटीत झालं. पुढचं रिजन ४१० किलोमीटरनंतर झालं. जुनी नळी मी मागून घेतली, ती माझ्या टेबलाच्या खणात आहे, बोटभर लांब, वाकवल्याशिवाय तिच्यातली चीर दिसत नाही.