नकाशा नवा झाला, पण चिपळूणची वेलांटी घसरली

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांनी भरत नेलेला जगाचा मुक्त नकाशा. २०२५ मध्ये त्याच्या मुख्य संकेतस्थळावर व्हेक्टर टाइलवर आधारलेला नकाशा उपलब्ध झाला. असा बदल झाला की ‘आता प्रत्येकाला आपापल्या भाषेत नकाशा’ ही घोषणा मागोमाग येते, आणि उरले आहे ते फक्त नावांचे भाषांतर, असा समज होतो. भारतीय लिप्यांच्या बाबतीत मात्र मुख्य अडचण नाव हाती आल्यानंतर, ते पडद्यावर उमटवताना सुरू होते.

जुन्या पद्धतीत नकाशा म्हणजे २५६ पिक्सेल लांबी-रुंदीच्या चौकोनी चित्रांची, म्हणजे टाइलची, मांडणी असते. सर्वांत दूरच्या दृश्यात सारे जग एका टाइलमध्ये मावते आणि जवळ जाण्याच्या प्रत्येक पायरीला टाइलची संख्या चौपट होते. एकोणिसाव्या पायरीवर ती २७,४८७ कोटींच्या पुढे जाते. समुद्राच्या बहुतेक टाइल कोणी मागतच नाही, म्हणून त्या आगाऊ काढून ठेवल्या जात नाहीत, हे खरे. पण नावे चित्रातच मुरलेली असल्यामुळे प्रत्येक भाषेसाठी टाइलचा वेगळा संच लागतो. व्हेक्टर टाइलमध्ये चित्र नसते. रस्ते, नद्या व सीमा यांचे बिंदू आणि नावांचा मजकूर एवढेच पाठवले जाते, आणि चित्र वाचकाचा ब्राउझर त्याच्याच यंत्रावर रंगवतो. एकाच टाइलमधून बेळगावचे मराठी आणि कन्नड अशी दोन्ही नावे जाऊ शकतात. कोणते दाखवायचे ते शेवटच्या क्षणी ठरते.

आता अक्षरे. नकाशा फिरतो, तिरपा होतो, मागेपुढे सरकतो, आणि दर सेकंदाला अनेक वेळा नव्याने रंगवला जातो. हे काम संगणकातला चित्र-प्रक्रियक (जीपीयू) करतो. त्याला फाँटमधील वक्ररेषा दर वेळी आखत बसणे परवडत नाही. त्यामुळे प्रत्येक अक्षराचा एक छोटा ठोकळा आधीच करून ठेवतात. त्यातल्या पिक्सेलमध्ये काळा-पांढरा रंग नसतो, तर त्या जागेपासून अक्षराची कड किती दूर आहे आणि ती जागा कडेच्या आत आहे की बाहेर, एवढा एक आकडा असतो. व्हॉल्व्ह या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या ख्रिस ग्रीन यांनी २००७ मध्ये ही युक्ती मांडली. तिचे सौंदर्य असे की ठोकळा लहान असूनही अक्षर मोठे करता येते, फिरवता येते, आणि ‘कडेपासून अमुक अंतरापर्यंत पांढरे रंगव’ एवढे सांगितले की नावाभोवती प्रभावळही मिळते. हे अंतर-आकडे घेऊन नकाशाचा कोणताही कोन क्षणात निभावता येतो.

गफलत ठोकळ्यांच्या क्रमांकात झाली. ब्राउझरमध्ये व्हेक्टर नकाशा रंगवणारी मॅपलिबरे ही प्रणाली आणि तिच्या पूर्वज प्रणालीने एका युनिकोड संकेताला (युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) एक ठोकळा असे धरले, आणि २५६ संकेतांचा एकेक गठ्ठा सर्व्हरवरून मागवायची सोय केली. रोमन लिपीला हे पुरते. देवनागरीत ‘चि’ साठवताना आधी च आणि नंतर वेलांटी येते. दाखवताना मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ठोकळे साठवणीच्या क्रमाने लावले की ती वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते आणि चिपळूणचे ‘चपिळूण’ होते. सिंधुदुर्गातला रफार ‘ग’च्या डोक्यावर चढतच नाही, आणि रत्नागिरीतला ‘त्न’ हलन्त ‘त’ व सुटा ‘न’ असा फुटतो, कारण जोडाक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतच नाहीत. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांमध्ये जोडाक्षरांचे वेगळे खिळे असत. इथे त्यांचा खणच ठेवलेला नव्हता. अरबी लिपी थोडक्यात वाचली, कारण तिच्या जोडरूपांना जुन्या संगणकांच्या सोयीसाठी दिलेले संकेत युनिकोडमध्ये टिकून आहेत. विशेष म्हणजे जुन्या पद्धतीत सर्व्हरवर चित्र काढणारे मॅपनिक हार्फबझ या अक्षरजुळणी करणाऱ्या संगणक-प्रणालीची मदत घेत असल्याने तिथे मराठी नावे शुद्ध दिसत. सुधारणेने इथे मागे नेले, आणि रोमन लिपीत नकाशा पाहणाऱ्या कोणाला त्याची झळ लागण्याचे कारणच नव्हते.

उपाय दोन दिशांनी झाले. एकात जोडाक्षरे आधीच हार्फबझने घडवून त्यांना युनिकोडच्या खासगी वापरासाठी राखलेल्या जागेतले क्रमांक द्यायचे. दुसऱ्यात ब्राउझरलाच कामाला लावायचे, कारण त्याला देवनागरी उत्तम येते: नावाचे चि, प, ळू, ण असे तुकडे करून प्रत्येक तुकडा अदृश्य फलकावर लिहून घ्यायचा आणि त्यावरून अंतर-आकड्यांचा ठोकळा जागीच तयार करायचा. मला दुसरा मार्ग अधिक पटतो, कारण त्यात गुजराती किंवा बंगालीसाठी वेगळी तयारी लागत नाही. त्यातही एक मेख होती. मजकुराचे तुकडे पाडण्याचा युनिकोडचा सर्वसाधारण नियम हलन्तापाशी थांबत असे, म्हणजे ‘त्न’ पुन्हा फुटे. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे एकसंध ठेवणारा नियम २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. नागमोडी रस्त्याच्या कडेने नाव लिहिताना मात्र तुकडे वळत जातात आणि शिरोरेषा दुभंगते. ती सांधण्याचे काम अजून नीटसे कोणी हाती घेतलेले दिसत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता शंभर भाषांतील नकाशा एका रात्रीत करून देईल, या दाव्यांबद्दलही सावध राहावे. रोजच्या रोमन लेखनात ठ आणि थ, ण आणि न यांत भेद राहत नाही. त्यामुळे लहान गावाचे रोमन नाव पाहून त्याचे खरे मराठी रूप सांगणे हा तर्क असतो, माहिती नव्हे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक स्थळाला मुख्य नावाखेरीज भाषावार नावांचे रकाने असतात, आणि मराठीचा रकाना रिकामा असला की नकाशा साधारणपणे मुख्य नावाकडे वळतो. सगळ्या भाषांचे रकाने टाइलमध्ये कोंबले तर ती जड होते आणि मोबाइलवर रखडते. त्यामुळे कोणत्या भाषा पाठवायच्या हे सर्व्हर चालवणाऱ्याला ठरवावे लागते. मराठी त्या यादीत आहे की नाही, हे एखाद्या नकाशाची भाषा बदलून आणि चिपळूण, सिंधुदुर्ग व रत्नागिरी ही तीन नावे शोधून कोणालाही तपासता येते.