पवई भरला म्हणून काही मुलुंडच्या नळाला पाणी येत नाही

पावसाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले, की मुलुंडहून मावशीचा फोन ठरलेला. "अरे, पवई तलाव भरून वाहतोय म्हणे. टीव्हीवर दाखवलं. आता पाणीकपात उठवतील ना?"

"मावशी, पवईचं पाणी पिण्याचं नाही गं. तू म्हणतेस तो विहार."

"दोन्ही एकच ना? तिथेच तर आहेत."

तिथेच आहेत, हे मावशीचं म्हणणं अगदी खरं. घोळ तिथूनच सुरू होतो. दोन्ही तलाव एकमेकांच्या शेजारी आणि दोन्ही माणसाने बांध घालून केलेले, तेही इंग्रजांच्या काळात. दोघांचंही जादा पाणी मिठी नदीत जातं आणि दोन्हीकडे मगरी आहेत. उंचावरून पाहिलं तर डोंगरांच्या कुशीत दोन निळे तुकडे दिसतात, आणि बघणाऱ्यांतला एक तरी विहारकडे बोट दाखवून "तो बघ पवई" म्हणतो.

विहार थोरला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरी आणि टाक्यांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावं त्याच काळातली. नळ आले आणि तलाव हळूहळू बुजले, नावं मात्र बसथांब्यांवर राहिली. वाढत्या वस्तीला ते पाणी पुरेना, म्हणून हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार साष्टी बेटाच्या डोंगरात मिठीच्या उगमाकडे बांध घालायचं ठरलं. १८५६ च्या सुमारास काम सुरू झालं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने शहरात पोचलं. मुंबईची ही पहिली नळ योजना. विहारची पूर्ण भरण्याची पातळी ८०.१२ मीटर, म्हणजे तलाव शहरापेक्षा चांगलाच उंचावर. पाणी आपल्या उताराने खाली यायचं. पुढे १८७९ मध्ये आणखी वरच्या अंगाला तुळशी तलाव झाला. तुळशी भरला की त्याचं पाणी विहारात येतं.

पवई धाकटा आणि खरं सांगायचं तर घाईत जन्मलेला. विहार-तुळशी पुरेनात आणि तानसा तलावाचं काम अजून चालू, अशा मधल्या काळात म्हणजे १८९० च्या आसपास तो बांधला. पण त्याच्या पाण्याची प्रत पिण्याजोगी निघाली नाही. १८९२ मध्ये तानसाचं पाणी आलं आणि पवईची निकड संपली. तेव्हापासून त्याचं पाणी कारखान्यांना आणि आरे वसाहतीला, न पिण्याच्या कामांसाठी. शहराला पाणी पुरवणारे म्हणून जे सात तलाव मोजतात (अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी) त्यात पवईचं नाव नाही. रोजचा पाणीसाठ्याचा तक्ता वाचताना एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

आता थोडा हिशेब. पवई काठोकाठ भरला की त्यात साधारण ५४५ कोटी लिटर पाणी असतं, विहारात सुमारे २,७७० कोटी. मुंबईला दिवसाला ३८५ कोटी लिटरच्या आसपास पाणी दिलं जातं. म्हणजे पवई पिण्यालायक असता तरी दीड दिवसही पुरला नसता. आणि विहार? आठवडाभर. सातही तलाव भरले की साठा १ लाख ४४ हजार ७०० कोटी लिटर होतो, त्यातला जवळजवळ अर्धा एकट्या भातसाचा. तेव्हा विहार भरल्याच्या बातमीनेही फार हुरळून जायचं कारण नाही. मावशीच्या कपातीचा निर्णय तिकडे शहापूरच्या पावसावर ठरतो. विहार-तुळशीचं महत्त्व निराळं: ते दोघेच शहराच्या हद्दीत आहेत.

प्रत्यक्ष जागेवर मात्र फरक ओळखायला आकडे लागत नाहीत. जो तलाव तुम्हाला बसमधून दिसला, तो पवई. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर गाडी अडकली (अडकतेच) की उजवी-डावी मान वळवा: एका बाजूला आयआयटीची झाडी, दुसरीकडे उंच इमारती आणि मध्ये पाणी. पाणी कसलं, बऱ्याच महिन्यांत हिरवी सतरंजीच. जवळ जाऊन पाहिलं तर जलपर्णीची फुगीर देठांची पानं एकमेकांत अडकलेली असतात आणि त्यांच्यावरून कमळपक्षी लांबलचक बोटं पसरून असा चालतो, जणू खाली पाणी नाहीच. काठावर गळ टाकून बसलेले हौशी, गणेश घाट, संध्याकाळचे फिरायला आलेले आजी-आजोबा. सांडपाणी येतं, गाळ साचतो, आणि जलपर्णीला हेच खत. काठाने सायकल ट्रॅक करायचा घाट महापालिकेने घातला होता. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून काढायला लावला.

विहार तुम्हाला असा रस्त्यावरून भेटत नाही. तो राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाला लागून आहे, भोवती कुंपण, आणि परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. पिण्याचं पाणी आहे, तेव्हा ते बरोबरच आहे. माझ्यासारख्याला चुटपुट लागते, पण पवईचा काठ पाहिला की ती फार टिकत नाही.

एका बाबतीत मात्र दोघांत काही भेद उरत नाही, तो म्हणजे सांडवा. विहार भरो की पवई, जादा पाणी मिठीतच जायचं आणि साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी करत सुमारे १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या नदीने काय केलं ते कुर्ल्यात कुणालाही विचारा. म्हणून पवई भरल्याच्या बातमीकडे नळाच्या नव्हे, नदीच्या बाजूने पाहावं. मुलुंडला त्याने काही फरक पडत नाही. कुर्ल्यात क्रांतीनगरला मिठीच्या काठावरच्या घरांना पडतो.

हे सगळं मावशीला सांगून झालं. ती म्हणाली, "बरं. मग विहार भरला की सांग." मी म्हटलं, "भातसा भरला की सांगतो." त्यावर तिने फोन माझ्या मावसभावाकडे दिला.