मार्था बॅलर्ड

मार्था मूर बॅलर्ड (१७३५–१८१२) : अमेरिकेतील मेन राज्यातील केनेबेक नदीकाठची सुईण व रोजनिशीकार. मेन त्या काळी मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता. वयाच्या पन्नाशीत, १७८५ मध्ये, तिने रोजनिशी लिहायला घेतली आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे २७ वर्षे, ती चालू ठेवली. या काळात तिने केलेल्या ८१६ बाळंतपणांची नोंद तीत आहे. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती, तेव्हा सामान्य घरातल्या बायका काय करत होत्या हे सांगणारे इतके सलग आणि विश्वासार्ह साधन क्वचितच सापडते.

मार्थाचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील ऑक्सफर्ड गावचा. वैद्यकी नात्यातच होती. तिची बहीण डोरोथी हिचे यजमान स्टीफन बार्टन डॉक्टर होते. अमेरिकन रेडक्रॉसची संस्थापक क्लारा बार्टन ही याच दांपत्याची नात. १७५४ मध्ये मार्थाचे लग्न इफ्राईम बॅलर्डशी झाले. तो जमिनीची मोजणी करी आणि लाकूड कापण्याच्या गिरण्याही चालवी. त्यांना नऊ मुले झाली. १७६९ च्या उन्हाळ्यात गावात घटसर्पाची साथ आली आणि अवघ्या काही दिवसांत तीन मुली गेल्या. मार्था तेव्हा गरोदर होती. हॅना ऑगस्टमध्ये जन्मली. पुढे १७७२ मध्ये झालेल्या मुलीला गेलेल्या मुलीचेच नाव, डोरोथी, दिले. घरात तिला डॉली म्हणत. १७७७ मध्ये मार्था नवऱ्यामागोमाग केनेबेककाठच्या हॅलोवेलला आली.

बोलावणे कोणत्याही वेळी येई. मग होडीतून, घोड्यावरून किंवा गोठलेल्या नदीवरून चालत जायचे. मेहनताना साधारण सहा शिलिंग. तोही पुष्कळदा धान्य, कापड अशा वस्तूंच्या रूपात मिळे. प्रसूती चालू असताना तिच्या हाताखाली एकही बाई दगावली नाही. बाळंतपणानंतरच्या दिवसांत मात्र पाच जणी गेल्या. त्या काळाच्या मानाने हे असामान्य यश आहे, आणि तिचे मोठेपण प्रथम इथेच पाहायला हवे. काढे, मलम, आजाऱ्यांची शुश्रूषा, मृतांची शेवटची तयारी हीही कामे ती करी. काही शवविच्छेदनांनाही ती हजर होती.

मात्र हे फिरणे घरातल्या मुलींच्या जोरावर चाले, हे विसरता येत नाही. हॅना, डॉली आणि बहिणीची मुलगी पार्थेनिया बार्टन सूत कातत, मागावर कापड विणत, चूल सांभाळत; म्हणून मार्थाला रात्री-अपरात्री घर सोडता येई. १७९२ मध्ये हॅना आणि पार्थेनियाची, १७९५ मध्ये डॉलीचे अशी लग्ने झाली आणि धुण्याचा, स्वयंपाकाचा भार उतारवयातल्या आईवर आला. इफ्राईमच्या हिशेबात या श्रमाला जागा नव्हती. मार्थाने मात्र कोणी किती विणले, कोण किती दिवस राबले, तेही लिहून ठेवले.

एका नोंदीत तिचे काम आणि तिचे घर समोरासमोर येतात. अविवाहित बाईला कळा सुरू असताना सुईणीने मुलाच्या बापाचे नाव विचारायचे, असा रिवाज होता. त्या घडीला बाई खोटे बोलणार नाही असे मानत, आणि पोटगीच्या दाव्यात हा जबाब उपयोगी पडे. ऑक्टोबर १७९१ मध्ये सॅली पियर्सने मार्थाच्या मुलाचे, जोनाथनचे, नाव घेतले. आईने ते जसेच्या तसे नोंदवले. पुढच्या फेब्रुवारीत दोघांचे लग्न झाले.

म्हातारपण कष्टाचे गेले. इफ्राईम करवसुलीचे काम करी. वसुलीची रक्कम भरता न आल्याने १८०४ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, तो तुरुंगात गेला आणि दीडेक वर्ष तिथेच होता. मार्थाला सरपणाचीही भ्रांत पडू लागली. त्यातच जोनाथन आणि सॅली मुलांसह घरात राहायला आली आणि मार्थाला एका खोलीत राहावे लागले. सुनेशी होणारे खटके तिने लपवलेले नाहीत.

तिने शेवटचे बाळंतपण १८१२ च्या एप्रिलमध्ये केले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ती वारली. वर्तमानपत्रात ‘इफ्राईम बॅलर्डची पत्नी, वय ७७’ एवढीच बातमी आली. सुईणपणाचा उल्लेखही नव्हता. रोजनिशी डॉलीच्या घराण्यात राहिली. तिथून ती खापरपणती मेरी होबार्टकडे आली. मेरी स्वतः डॉक्टर होती. तिने १९३० मध्ये ती मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिली. कोणी इतिहासकारांनी तिला क्षुल्लक तपशिलांची वही ठरवले होते. पण इतिहासकार लॉरेल थॅचर उलरिच यांनी त्या तपशिलांतूनच गावाचे सारे अर्थजीवन उलगडून दाखवले आणि त्या अभ्यासाला १९९१ चे इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.