ज्योत दिसेनाशी होते तेव्हा

निळी ज्योत म्हणजे स्वच्छ ज्योत, हे आपण शेगडीपाशीच शिकतो. भांड्याचं बूड काळं झालं नाही की झालं. नायट्रोजनच्या ऑक्साइडांना, म्हणजे 'नॉक्स'ना, ही परीक्षा लागू पडत नाही. कारखान्यातला गॅस बर्नर कितीही निळा जळो, त्याच्या धुरात नॉक्स असतातच. आणि ते येतात मुख्यतः इंधनातून नव्हे, हवेतून.

हवेतला ७८ टक्के नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. पण ज्योत साधारण १,५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापली की ऑक्सिजनचे सुटे अणू तो बंध फोडतात. ही साखळी सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी १९४०च्या दशकात उलगडली. तिथून पुढे तापमान थोडं चढलं, तरी नॉक्स भराभर वाढतात.

मग ज्योत थंड करा! बॉयलरमध्ये तेच करतात: चिमणीकडे निघालेला थोडा धूर वळवून परत बर्नरच्या हवेत मिसळतात. त्याला जळायचं काही उरलेलं नसतं, तो फक्त उष्णता शोषतो.

पोलाद तापवायच्या भट्टीत मात्र पंचाईत होते. तिथे गॅस वाचवायला बाहेर जाणाऱ्या धुरावर हवा तापवून घेतात, आणि तापलेल्या हवेने ज्योत आणखी भडकते. गॅस वाचवावा तर नॉक्स वाढतात.

जर्मनीत योआखिम व्युनिंग १९८९ मध्ये अशाच बर्नरवर प्रयोग करत होते. भट्टी १,००० अंशांवर, हवा सुमारे ६५० अंशांवर. एका क्षणी ज्योत दिसेनाशी झाली. अतिनील किरणांनी ज्योत ओळखणाऱ्या यंत्रालाही काही सापडेना. विझली म्हणावं, तर गॅस पुरता जळत होता: कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत एक भागाहूनही कमी, नॉक्स जवळपास शून्य.

घडत होतं ते असं. वेगाने घुसणारे गॅसचे आणि हवेचे झोत एकमेकांना भिडण्याआधीच भट्टीतला जळका वायू भरपूर ओढून घेत होते. ऑक्सिजन विरळ झाल्याने ज्वलन एका जागी न पेटता भट्टीभर पसरत होतं. तापलेली टोकदार ज्योतच नाही, तर नायट्रोजनचा बंध तोडणार कोण?

पण थंड भट्टीत हे जमत नाही. म्हणून असे बर्नर आधी नेहमीच्या ज्योतीने पेटवतात आणि भट्टी साधारण ८५० अंशांवर गेली, की ज्योत घालवतात.